सुई बदलली, गोळी आली



कावीळ म्हटलं की आपल्याकडे उसाचा रस आणि झाडपाल्याचं औषध आठवतं. गावात कुणाकडून तरी कावीळ ‘उतरवून’ घेणारेही आहेत. हेपटायटिस सी मात्र बहुतेक वेळा डोळे पिवळे करून वर्दी देत नाही. रक्तातून शिरलेला हा विषाणू वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहतो आणि कित्येकांना त्याचा पत्ता लागतो तो पोटात पाणी झाल्यावरच. त्यावर लस नाही.

मणिपूरने हा आजार एचआयव्हीच्या जोडीनेच सोसला. म्यानमारला लागून असलेल्या या राज्यात १९८०च्या दशकात हेरॉइन आलं. तिथली पोरं त्याला ‘नंबर फोर’ म्हणत. सिरिंज मिळणं अवघड, म्हणून एकच सिरिंज चौघांत फिरायची. १९८९-९०मध्ये रक्त तपासलं गेलं, तेव्हा एचआयव्ही सापडला. आणि वर्षभरातच सुई टोचून नशा करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना त्याची लागण झालेली दिसली.

सुरुवातीला सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. त्याने आजार थांबला नाही, मुलं फक्त लपून राहू लागली.

मग वाट बदलली. १९९६ साली मणिपूरने स्वतःचं एड्स धोरण स्वीकारलं आणि नशा सुटेपर्यंत निदान जीव तरी वाचवावा, हा विचार त्यात मान्य झाला. वापरलेली सुई घ्यायची, नवी द्यायची. हे काम करायला पुढे आले ते पूर्वी स्वतः नशा करणारे. कोणत्या पडक्या घरात कोण बसतं, हे त्यांनाच ठाऊक. पुढे ब्युप्रेनॉर्फिनही आलं. ही गोळी केंद्रात रोज कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची. तिने तलफ शमते आणि सुईची गरज कमी होते.

आपल्या सांगलीतही ‘संग्राम’ संस्थेने १९९२पासून त्याच वस्तीतल्या माणसांकरवी काम करण्याचा मार्ग धरला. तिथे वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध पोचवले.

हेपटायटिस सी मात्र एचआयव्हीपेक्षा चिवट. वापरलेल्या सिरिंजमध्ये तो कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. नुसती सुई बदलून भागत नाही. पूड विरघळवायचा चमचा, पाणी, कापूस, सगळंच ज्याचं त्याचं वेगळं लागतं.

सोफोसबुविर हे हेपटायटिस सीवरचं औषध २०१३च्या अखेरीस अमेरिकेत आलं, तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती. भारतीय कंपन्या ते बनवू लागल्या आणि किंमत झपाट्याने उतरली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरातले ९५ किंवा त्याहून जास्त रुग्ण बरे होतात. एचआयव्हीचं औषध जन्मभर घ्यावं लागतं. इथे मात्र आजार मुळापासून जातो.

एवढं असूनही सुई टोचून नशा करणाऱ्यांचे पाय दवाखान्याकडे वळत नाहीत. पोलिसांचा धाक असतो, खिडकीवर ऐकावी लागणारी ‘गर्दुल्ला’ ही हाक असते. म्हणून ब्युप्रेनॉर्फिनची रोजची गोळी घ्यायला माणूस जिथे येतोच, तिथेच रक्त तपासणं आणि औषध देणं सगळ्यात सोयीचं. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने एचआयव्ही असलेल्यांशी भेदभाव करायला मनाई केली आहे, शिवाय सुई बदलून देण्यासारख्या कामाला गुन्हा ठरवता येणार नाही, असंही सांगितलं आहे. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल, तर १०९७ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो.

उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला. पण लागण पुन्हा होऊ शकते, म्हणून जो अजून सुई टोचून घेतो, त्याच्या हातात त्या दिवशीही अहवालाबरोबर नवी सिरिंज द्यायची असते.