चपट्या नाकाचे कुत्रे आणि आपले कर्तव्य



ज्ञानसत्राच्या या व्यासपीठावर कुत्र्यासारखा विषय घ्यावा, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु ज्याचा जीव वैशाखाच्या उन्हात अक्षरशः कंठाशी येतो, अशा एका मुक्या प्राण्याविषयी बोलायला वसंताइतका योग्य समय दुसरा नाही.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिंगीज, शिह-त्झू या जाती आपल्या परिचयाच्या आहेत. सन २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागेमागे जाणारा पग दिसला आणि हा प्राणी मराठी घरांतूनही लाडका झाला. वाटोळा चेहरा, टपोरे डोळे, कपाळावरच्या वळ्या. पाहताक्षणीच माया यावी असे हे रूप. पण या रूपाची किंमत कोण देतो, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य मार्ग. जीभ, तोंड आणि नाकातील ओलसर त्वचा यांवरून हवा वाहते, ओलावा उडतो आणि रक्त थंड होते. चपट्या तोंडाच्या जातींत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कवटीचे हाड आखूड केले. मात्र आतले मांस त्या मानाने आखूड झाले नाही. नाकपुड्या फटीएवढ्या उरल्या, मऊ टाळू श्वासाच्या वाटेत लोंबू लागला. मग हवा ओढण्यासाठी अधिक कष्ट, कष्टाने अधिक उष्णता आणि उष्णतेने पुन्हा अधिक धाप, असे हे दुष्टचक्र आहे. आमचा कुत्रा किती गोड घोरतो, असे आपण कौतुकाने सांगतो. ते घोरणे पुष्कळदा अडलेल्या श्वासाची धडपड असते.

हे रूप पहिल्यापासून असेच होते काय? इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला पगही रंगवला. लंडनच्या टेट चित्रसंग्रहातील ते चित्र पाहावे. त्या पगला आजच्यापेक्षा बरेच लांब मुस्कट आहे. बुलडॉगचीही तीच कथा. इंग्लंडात १८३५ साली बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ कायद्याने बंद झाला. पुढे ही जात शोभेसाठी वाढवली गेली, आणि शोभेच्या हौसेपायी तिचे तोंड आखूड होत गेले. अनेक बुलडॉग माद्यांची प्रसूती आज शस्त्रक्रियेवाचून होत नाही. पिलाचे डोके मोठे आणि आईचा कटिभाग अरुंद. दोष निसर्गाचा नव्हे, आपल्या आवडीचा आहे.

ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे, त्यांनी काय करावे? फिरायला न्यायचे ते पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. गळ्याला पट्टा न आवळता छातीवरून येणारा पट्टा वापरावा. बंद मोटारीत क्षणभरही ठेवू नये. वजनावर कडक नजर ठेवावी, कारण गळ्याभोवती साठलेली चरबी अरुंद वाट आणखी अरुंद करते. प्रेमापोटी दिलेला तुपाचा घास येथे वैर करतो. वळ्यांमधली त्वचा पुसून कोरडी ठेवावी. डोळे बाहेर असल्याने त्यांना चटकन जखम होते. डोळा लाल झाला किंवा मिटलेला राहिला, तर त्याच दिवशी वैद्य गाठावा. दात दाटीने उगवतात, तेही तपासून घ्यावेत.

धाप थांबेना, जीभ निळसर दिसू लागली, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच सावलीत घ्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. श्वासाचा त्रास नेहमीचाच असेल, तर नाकपुड्या रुंद करण्याची व टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते. ती वेळेवर केल्यास पुष्कळ आराम पडतो.

पण शुश्रूषेने काम अर्धेच होते. नेदरलँड्सने २०१९ साली अतिशय आखूड मुस्कटाच्या कुत्र्यांच्या प्रजननास आळा घालणारे निकष ठरवले. आपल्याकडेही २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांचे प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. तथापि कायद्याहून मोठी सत्ता गिऱ्हाइकाची आहे. पिलू घेताना त्याचे आईबाप पाहावेत; ते थोडे चालून घुरघुरू लागले, तर ते पिलू घेऊ नये. मागणी तशी पैदास, हा बाजाराचा नियम आहे. आणि आपल्या गल्लीतला लांब नाकाचा गावठी कुत्रा काय कमी माया करतो?

पाळणे या शब्दात सांभाळणे अभिप्रेत आहे. ज्या प्राण्याचे रूप आपण घडवले, त्याला सुखाने श्वास घेता यावा एवढे देणे आपण लागतो. ते फेडण्याची बुद्धी आपणा सर्वांना होवो.