फळ्यावर नसलेली नावे

(सांगलीतील एका सेवा क्लबाच्या वार्षिक सभेत आमच्या संस्थेच्या कार्यकर्त्या भगिनीने केलेले भाषण. क्लबाच्या इच्छेनुसार क्लबाचे व सभासदांचे नाव छापलेले नाही.)



दोन महिन्यांपूर्वी तुमच्या सेक्रेटरीकाकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, यंदाच्या सभेत आमच्या जुन्या सभासदांविषयी तुम्ही बोला. आम्ही बोललो तर आपणच आपली पाठ थोपटून घेतल्यासारखं होईल." मी हो म्हटले. मी तुमची सभासद नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या कातकरी मुलांसाठी आमची संस्था वसतिगृह चालवते, त्याच्या चादरी, वह्या आणि जून महिन्याचा किराणा तुमच्याकडून येतो. त्यामुळे बारा वर्षे मी ह्या हॉलच्या पायऱ्या चढते आहे.

काकांनी मला एक पत्र्याची पेटी दिली. तिच्यात प्रोसिडिंगच्या जुन्या वह्या, पावतीपुस्तके आणि काही फोटो होते. पंधरा दिवस रात्री जेवणे झाल्यावर मी त्या वाचल्या. मला वाटले होते, त्यांत ठराव आणि हारतुरेच असतील. तेही आहेत. पण एका पानावर लिहिले आहे की सभेला उशिरा आल्याबद्दल अध्यक्षांनी स्वतःलाच दंड केला. दुसऱ्या पानावर एका शिंपी सभासदाने शाळेच्या मुलांचे गणवेश शिवून दिले आणि बिलाच्या जागी फक्त दोऱ्याच्या रिळांची किंमत मांडली, अशी नोंद आहे. एका डॉक्टरांनी नेत्रशिबिराला स्वतःची गाडी दिली, ती घाटात बंद पडली आणि सगळ्यांनी मिळून ढकलली, हेही कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. ह्या माणसांपैकी बरेच आज आपल्यात नाहीत. त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानून पुढे बोलते.

अशा क्लबांची सुरुवात कुठून झाली, हे थोडक्यात सांगते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचे वकील आणि त्यांचे तीन मित्र एका कचेरीत जमले. मोठ्या शहरात माणूस एकटा पडतो, तेव्हा आपण आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटू, एवढाच विचार होता. आळीपाळीने भेटायचे म्हणून नाव पडले रोटरी. त्या पहिल्या चौघांपैकी दोघे पुढे क्लब सोडून गेले. म्हणजे सभासद गळण्याची चिंता तुमच्याच वाट्याला आली आहे असे नाही, ती पहिल्या क्लबालाही होती. दोन वर्षांनी त्यांनी हाती घेतलेले मोठे लोककार्य कोणते, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घेणे. १९१७ मध्ये त्याच शिकागोत मेल्विन जोन्स ह्यांच्या पुढाकाराने लायन्स सुरू झाले. १९२५ मध्ये हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी तुम्ही लढा, असे त्यांनी आवाहन केले. आपल्या गावोगावच्या नेत्रशिबिरांमागे तेच आवाहन आहे. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली, लायन्स १९५६ मध्ये. आज सातारा, कराड, सांगली, मिरज इथे दोन्ही आहेत आणि त्यांच्याच धर्तीवर तुमच्यासारखे लहान क्लबही आहेत.

पण ह्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. रोटरीत स्त्रियांना जगभर सभासद होता आले ते १९८९ मध्ये, स्थापनेनंतर ८४ वर्षांनी. लायन्सने दार उघडले १९८७ मध्ये. मग तोपर्यंत शिबिरांचा स्वयंपाक कोण करत होते? देणग्या मागायला घरोघर कोण जात होते? ती कामे करणाऱ्या होत्या, सभासद नव्हत्या.

आपल्या मातीतही हेच दिसते. क्लब येण्याच्या आधीपासून इथे सेवा होती. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी दवाखाना उघडला आणि जवळजवळ चाळीस वर्षे तिथे काम केले. आज मिरज वैद्यकीय उपचारांचे गाव म्हणून ओळखली जाते, त्याची मुळे तिथे आहेत. वॉनलेसवाडी हे नाव आपण रोज घेतो. पण त्या दवाखान्यात रात्री कंदील धरून उभे राहणाऱ्या परिचारिका आणि पट्ट्या धुणाऱ्या बायका ह्यांच्या नावाची वाडी नाही.

साताऱ्याकडे या. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. गांधीजी १९२७ मध्ये तिथे आले. हे आपल्याला पाठ आहे. पण धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले आणि मुलांच्या पोटात भाकरी घातली. १९३० मध्ये त्या वारल्या. रयतमध्ये त्यांना आदराने आठवतात, म्हणून त्यांचे नाव उरले. घरोघर दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवणाऱ्या बायाबापड्या तर कुठल्याच यादीत नाहीत.

आता मी माझी चूक सांगते. ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे आज उभी राहिले आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्ही सगळ्यांनी पाहिला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेले ५७ फुटांच्या वर. ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी ऐकली तेव्हा आपण सगळे स्वयंपाकघरात होतो आणि थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मी साताऱ्याहून येऊन तुमच्याबरोबर एका शाळेतल्या छावणीत नऊ दिवस होते. याद्या करायचे काम माझ्याकडे होते.

त्या छावणीत एक पारधी मावशी होती. तिची झोपडी नदीकाठी होती, ती गेली. अंगावरच्या लुगड्यानिशी नातवंडांना घेऊन ती आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. नऊ दिवस ती पहाटे चारला उठली. आणखी एक काम तिनेच केले. कोणत्या बांधाला, कोणत्या उसाच्या कडेला कोणाची पालं होती, हे फक्त तिला माहीत होते. त्या लोकांची नावे कुठल्याच सरकारी कागदावर नव्हती. तिने सांगितले म्हणून आपली जीप तिकडे गेली आणि तीन कुटुंबे सापडली.

पूर ओसरल्यावर क्लबाने स्वयंसेवकांचा सत्कार ठेवला. यादी मीच केली. एकतीस नावे. प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि गुलाबाचे फूल. माझेही नाव होते. मावशीचे नव्हते. मी तिला विसरले होते असेही नाही. माझ्या वहीत तिचे नाव होते, पण दुसऱ्या पानावर, 'लाभार्थी' ह्या मथळ्याखाली. तिला एक कांबळे आणि एक भांड्यांचा संच मिळाला होता. जिने घेतले ती देणारी कशी असेल, असा विचार मी केला नाही, कारण मुळात विचारच केला नाही.

महिन्याभराने तिच्या नव्या पालावर गेले तेव्हा ती हसत म्हणाली, "ताई, कांबळं दिलं म्हून माझं नाव लिवलंसा. भाकरी थापल्या त्या कुठं लिवल्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तुम्हाला ठाऊक आहे, इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या कितीतरी समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांची नावे लिहिली गेली ती पोलिसांच्या हजेरीत. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला. नंतर सरकारी योजना आल्या, आमच्यासारख्या संस्था आल्या, तेव्हा नावे लाभार्थ्यांच्या यादीत गेली. आधी चोर म्हणून, मग गरजू म्हणून. सोबती म्हणून त्यांचे नाव कोणी लिहायचे? मी धर्मशिक्षणाचा डिप्लोमा घेतलेली, वीस वर्षे आदिवासींत काम करणारी बाई. मीसुद्धा लिहिले नाही.

२०२१ मध्ये मावशी वारली. प्रमाणपत्र द्यायचे राहून गेले.

चर्चमधल्या बंधुभगिनींना रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय माहीत आहे. आपण बहुतेक वेळा तो वाचायचा सोडून देतो, कारण त्यात नावेच नावे आहेत. पौल एकेकाला सलाम सांगतो. फीबी आहे, प्रिस्का आणि अक्विला आहेत, प्रभूच्या कामात श्रम करणाऱ्या बहिणी आहेत. तुमच्या प्रोसिडिंगच्या वह्या वाचताना मला तोच अध्याय आठवत होता. आणि त्या यादीत रूफाची आई आहे. तिचे नाव पौलाने दिलेले नाही, पण ती मलाही आईसारखी आहे असे तो लिहितो. मोठा प्रेषित, आणि कोणाच्या तरी आईने आपल्याला जेवू घातले हे विसरला नाही.

मित्रहो, ह्या हॉलमध्ये समोर फळा आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत माजी अध्यक्षांची नावे आहेत. ती असावीत. त्या प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून आणि धंद्याच्या वेळातून दिले आहे. पण आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या भाषणानंतर पुढचा विषय आहे, 'क्लब चालू ठेवावा की विसर्जित करावा'. सभासद एकोणीस उरले आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. नवीन कोणी येत नाही, असे तुम्ही म्हणता.

मी बाहेरची आहे, तरी मला जे दिसते ते सांगते. सेवा करणारे संपलेले नाहीत. आपण त्यांना सभासद म्हणून मोजत नाही. आमच्या वसतिगृहाच्या पहिल्या तुकडीतली एक कातकरी मुलगी आज नर्स आहे. दिवाळीनंतर आईबाप कोळशाच्या भट्टीवर जायचे, तेव्हा तिला आपण शाळेत ठेवून घेतले. तुमच्याच चादरीवर ती झोपली. सुट्टीच्या दिवशी ती स्वतःहून वस्तीवर जाऊन बाळंतिणींची विचारपूस करते. गेल्या वर्षी तिने मला विचारले, "ताई, त्या क्लबात आम्हाला घेतात का?" मी म्हटले, विचारते. आज विचारते आहे.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, वर्गणी पैशांतच हवी असा नियम ठेवू नका. महिन्यातले दोन दिवस काम, हीसुद्धा वर्गणी माना. दुसरी, प्रोसिडिंगच्या वहीत 'देणारे' आणि 'घेणारे' अशी दोन पाने करू नका. ज्याने काम केले त्याचे नाव कामाखाली लिहा, मग त्याने कांबळे घेतले असो वा नसो. तिसरी, ह्या फळ्याच्या शेजारी एक साधा फळा लावा, सोनेरी नको, पांढऱ्या रंगाचा चालेल. त्यावरचे पहिले नाव मी आता वाचते.

(इथे त्यांनी मावशींचे नाव वाचले व सभा उभी राहिली. कुटुंबीयांना अजून विचारलेले नसल्यामुळे ते इथे छापलेले नाही.)

बसा. आता तुमचा पुढचा विषय घ्या. निर्णय तुमचा आहे. तुम्ही क्लब बंद केलात तरी तुमच्या जुन्या सभासदांनी केलेले पुसले जाणार नाही. आमच्या मुलांच्या अंगावर ते आजही आहे. पण चालू ठेवलात, तर पुढच्या महिन्याच्या सभेला मी त्या मुलीला घेऊन येईन. रविवारी तिला सुट्टी नसते. सभा शनिवारी ठेवा.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.