पहिली दुर्बीण घेताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



यंदाच्या शिलकीतून मुलांसाठी दुर्बीण घ्यावी, असा विचार मंडळात चालला आहे. आकाश पाहायची आवड असलेल्या आम्हा चार-पाच जणांना त्यावर बोलायला सांगितले, याचा आनंद वाटतो. पैसा वर्गणीचा आहे, म्हणून आधी सावधगिरीचे बोलतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, '५२५ पट मोठे दिसेल'. या आकड्याला भुलू नये. मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की पट मिळतात. ७०० मिलिमीटर भागिले ४, म्हणजे १७५. मध्ये तिप्पट करणारे आणखी एक भिंग घातले की झाले ५२५! पण दुर्बिणीत शिरणारा प्रकाश तेवढाच राहतो. भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, हा साधारण नियम आहे. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट पुष्कळ झाले. त्यापुढे जाणे म्हणजे पातळ आमटीत आणखी पाणी ओतणे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो व्यासाचा. १५० मिलिमीटरचा आरसा ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सहा पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. दुसरा प्रश्न स्टँडचा. बोट लागताच थरथरणाऱ्या तिपाईवर चांगली दुर्बीणही वाया जाते. शनी दिसतो न दिसतो तोच पळतो, मुले कंटाळतात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. अमेरिकेतील जॉन डॉबसन यांनी लोकप्रिय केलेली लाकडी बैठक साधी, भक्कम आणि जमिनीवर ठेवायची असते. ती डावी-उजवीकडे, खाली-वर हाताने फिरवायची. मोटर नको, संगणक नको, वीज गेली तरी अडत नाही. मंडळासाठी अशी सहा इंची 'डॉबसोनियन' घ्यावी, असे आमचे मत आहे. तिच्यात शनीची कडी, गुरूचे पट्टे आणि चंद्रावरची विवरे स्वच्छ दिसतात.

घरासाठी घेणाऱ्यांना मात्र आम्ही आधी १०×५० ची द्विनेत्री सुचवू. दहा पट आणि ५० मिलिमीटर व्यास, असा त्याचा अर्थ. भिंतीला कोपर टेकून पाहिले तर गुरूचे चार चंद्र दिसतात. कृत्तिकांचा पुंजका तर मोठ्या दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीतच शोभतो, कारण तो सगळा एका नजरेत मावतो.

आपल्या जोयड्याची खरी श्रीमंती म्हणजे इथला अंधार. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका शहरातल्या झगमगाटात हरवते. आपल्या अंगणात, दिवा मालवून वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावले, की ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यासाठी रात्री जंगलात जायची गरज नाही, आणि या व्याघ्र प्रकल्पाच्या मुलखात तसे जाऊही नये. झाडांची अडचण नसलेले खळे पुरे.

अंधार मिळतो तसा पाऊसही मिळतो. इथल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते. चार महिने भिंगे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावीत आणि पुड्या मधूनमधून बदलाव्यात. भिंग धोतराच्या सोग्याने पुसू नये. हे सांभाळणार कोण, ते नाव खरेदीआधीच ठरवावे.

आणि एक गोष्ट मुलांकडून वदवून घ्यावी: दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. क्षणात डोळा कायमचा जातो. नेत्रिकेवर बसवायची काळी काच सोबत आली, तर ती फेकून द्यावी. उष्णतेने ती तडकते. दिवसा दुर्बीण कुलपातच बरी.

घाई करू नये. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करते आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा जाणत्यांकडे जाऊन दुर्बिणीला आधी डोळा लावावा, मग पैसे मोजावेत. तोवर मुलांनी नक्षत्रे ओळखायला शिकावे. आकाशात काय कुठे आहे ते ठाऊक नसेल, तर दुर्बीण वळवणार कुठे?

आज चतुर्थीच्या चंद्राकडे पाहायचे नाही, हे आपण सारे पाळतो. तसे भाद्रपदात ढगच ते पाळायला लावतात! पण दिवाळीनंतर, शुद्ध पंचमी ते दशमीचा चंद्र अवश्य पाहावा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या लांब सावल्या तेव्हाच दिसतात. पौर्णिमेला त्या नाहीशा होतात. मंडळाची दुर्बीण त्या संध्याकाळी देवळासमोर मांडावी आणि पहिला डोळा ज्यांच्या घरी दुर्बीण येणे शक्य नाही, त्या मुलांनी लावावा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!