धर्मांतर आणि परदेशी आश्रय

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे १८ वे कलम धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य मनुष्यमात्रास देते. आणि अफगाणिस्तानच्या २००४ च्या राज्यघटनेने त्या जाहीरनाम्याच्या पालनाचे अभिवचन देतानाच, इस्लामच्या तत्त्वांस विरोधी असा कोणताही कायदा नसावा, असेही बजावून ठेवले होते. या दोन वचनांच्या कात्रीत अब्दुल रहमान हे गृहस्थ सापडले. पूर्वी पेशावरात एका ख्रिस्ती सेवासंस्थेत काम करीत असता ज्यांनी तो धर्म स्वीकारला होता, त्यांना २००६ च्या फेब्रुवारीत काबूलमध्ये कैद झाली, आणि इस्लाम सोडल्याबद्दल देहान्ताची शिक्षा मागणारा खटला त्यांच्यावर गुदरण्यात आला. जगभरातून निषेध उठल्यावर, तपासातील उणिवांचे कारण देऊन न्यायालयाने प्रकरण सरकारी वकिलांकडे परत धाडले. त्यांची सुटका झाली, आणि २९ मार्च रोजी ते इटलीच्या आश्रयास पोहोचले.

१९५१ चा निर्वासितविषयक जिनीव्हा करार, धर्मामुळे छळाची साधार भीती बाळगून स्वदेशाबाहेर पडलेल्यास निर्वासित मानतो, आणि जेथे जीवितास धोका आहे तेथे त्याला परत लोटण्यास मनाई करतो. श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा विषय आहे. तिच्यापायी कोणासही देशत्याग करावा लागू नये, आणि करावाच लागला, तर अशा माणसास आश्रय देणे हे प्रत्येक सुसंस्कृत राष्ट्राचे कर्तव्यच होय.