नाद, मन आणि आपली शाळा

(माळशिरस येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘परिपाठातील संगीत’ असा विषय छापलेला आहे. परिपाठ कसा घ्यावा हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. तेव्हा मी विषयाच्या थोडा मागे जाऊन, नाद माणसाच्या मनावर काय करतो आणि त्याचा आपल्या वर्गाशी संबंध काय, एवढेच सांगणार आहे. मी संगीतशास्त्राचा अभ्यासक नव्हे. पेटीवर प्रार्थनेची चाल धरता येते, इतकीच माझी पुंजी. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ मुलांच्या आवाजात वावरल्यामुळे काही गोष्टी कानांनी शिकविल्या आहेत, आणि एक गोष्ट फार उशिरा शिकविली आहे. तीही सांगेन.

आपला तालुका पालखीच्या वाटेवरचा. माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे जाते. तुकोबांची पालखी अकलूजला विसावते. पुरंदावड्याचे आणि खुडूसचे रिंगण तर आपल्या मुलांनी खांद्यावर बसून पाहिलेले असते. टाळमृदंग म्हणजे काय हे येथील मुलाला शिकवावे लागत नाही. रिंगणाविषयी सर्वजण बोलतात. मला मात्र मुक्कामाच्या तळावरील समाजआरती अधिक विचार करण्याजोगी वाटते.

पालखी तळावर आली की दिंड्या सभोवती उभ्या राहतात. शेकडो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते. इतक्यात चोपदार हातातील दंड उंच करतात आणि क्षणार्धात सारे टाळ थांबतात. हजारो माणसांचा तो समुदाय असा स्तब्ध होतो की, लहान मुलाचे रडणेही दुरून ऐकू यावे. मात्र या शांततेतही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. कोणी त्यांच्यावर रागावत नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने टाळ वाजवीत राहावे, असा तेथील नियमच आहे. चोपदार त्या दिंडीपाशी जातात आणि तिचे म्हणणे ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची आणि उद्या निघण्याच्या वेळेची घोषणा होते आणि आरती सुरू होते. हा नियम आपण लक्षात ठेवावा. मला पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आता नादाचा विचार करू. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही कान उघडेच असतात. मूल जन्मण्यापूर्वी, गर्भावस्थेच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकू लागते, आणि जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजाहून वेगळा ओळखते, हे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले. म्हणजे पाहिली ओळख कानाची. आवाज मेंदूत पोहोचतो तो केवळ अर्थ लावणाऱ्या भागात नव्हे. भीती, सावधपणा आणि आनंद यांच्याशी निगडित असलेल्या भागांशीही त्याचा निकटचा संबंध आहे. ढगाचा गडगडाट कळण्याआधी आपण दचकतो, तो याच कारणाने. गुरुजींचा चढलेला आवाज शब्द कळण्याआधी मुलाच्या छातीत पोहोचतो, तोही याच कारणाने.

गोड स्वरांनी अंगावर रोमांच उभे राहतात, ही काही कवींनी रचलेली कथा नव्हे. कॅनडातील माँट्रियल येथे २०११ साली संशोधकांनी दाखविले की, आवडते संगीत ऐकताना ज्या क्षणी रोमांच येतात त्या सुमारास मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते. भुकेल्यास अन्न मिळाल्यावर होणाऱ्या समाधानातही याच द्रव्याचा भाग असतो. विशेष हे की, तो क्षण येण्यापूर्वी, त्याची वाट पाहतानाही ते स्रवते. भजनात समेवर येण्याआधी मान आपोआप का डोलते, याचे काहीसे उत्तर येथे मिळते.

आपले राग अमुक भाव उत्पन्न करतात, असे आपण ऐकत आलो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंदुस्थानी संगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना रागांचे तुकडे ऐकविले, तेव्हा त्यांतील आनंद, विषाद व क्रोध त्यांना बऱ्याच अंशी ओळखता आले. शांत भाव ओळखणे मात्र कठीण गेले. गती, स्वरांची उंची, चालीचा साधेपणा वा गुंतागुंत यांवरून माणूस परक्याच्या गाण्यातलेही मन ओळखतो. परंतु येथे सावध राहणे अगत्याचे आहे. अमुक रागाने अमुक रोग बरा होतो, अशा याद्या फिरत असतात. त्यांना पुरावा नाही. तसेच मोत्सार्ट या युरोपीय संगीतकाराचे संगीत ऐकविल्याने मुले बुद्धिमान होतात, असा बोलबाला झाला. मूळ प्रयोग १९९३ चा. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता, आणि आढळलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरत होता. त्यावर लोकांनी तबकड्या विकल्या! संगीताने गणित येत नाही; गणित शिकविल्यानेच येते. संगीताने फार तर मुलाचे मन गणितापाशी बसण्याजोगे होते, आणि माझ्या मते तेवढे पुष्कळ आहे.

याहून मोलाची गोष्ट एका तालात हलण्याची. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात १४ महिन्यांच्या बालकांना कडेवर घेऊन संगीताच्या तालावर झुलविण्यात आले. समोरची व्यक्ती काहींच्या तालात, काहींच्या तालाविरुद्ध झुलत होती. नंतर त्या व्यक्तीच्या हातून वस्तू ‘चुकून’ खाली पडल्या, तेव्हा जी बालके तिच्या तालात झुलली होती ती अधिक वेळा वस्तू उचलून देऊ लागली. हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो वाचला तेव्हा मला आपल्या दिंड्या आठवल्या. एका पावलीने चालणाऱ्यांना परस्परांचे गाव व जात विचारण्याआधीच आपलेपणा का वाटतो, याचे बीज तेथे असावे.

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची मुले मराठवाड्यातून आलेली. त्यांची बोली निराळी, पुस्तकाची पाने निराळी, वर्गात मागे बसलेली. एका शाळेत बाईंनी त्या मुलींना विचारले, “तुमच्या आईला दळताना कोणती ओवी येते?” घरोघरी जाते आता नाही, परंतु आजीची ओवी एकीला येत होती. तिने ती भीतभीत म्हटली. पुढल्या आठवड्यात गावातल्या मुली तिच्या चालीवर टाळ्या धरीत होत्या. ज्या स्त्रियांना बोलण्यास दुसरे कोणी नव्हते त्या जात्याशी बोलल्या. घरघरीच्या तालाने हाताचे श्रम हलके झाले आणि शब्दांनी मनाचे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रातील खेड्यांतून गोळा झाल्या, हे आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा बालगीतांना त्यांत मानाचे स्थान होते. तेव्हा गाणे ही वेळ उरल्यास घ्यावयाची गोष्ट, असे कृपा करून समजू नका.

आता नादाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. नाद जसा मन जुळवितो तसा तो मन विस्कटवितोही. न्यूयॉर्क शहरात एक शाळा उंचावरून जाणाऱ्या आगगाडीच्या रुळांलगत होती. १९७५ साली आर्लिन ब्रॉनझाफ्ट आणि त्यांचे सहकारी यांनी तिची पाहणी प्रसिद्ध केली. रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले त्याच इमारतीतील शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. वरच्या इयत्तेपर्यंत हे अंतर सुमारे एका वर्षाएवढे भरले. पुढे रुळांखाली रबर बसविले आणि वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आवरण लावले. मग दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन सारखे झाले. गुरुजी तेच, पुस्तके तीच!

आपल्याकडे आगगाडी नाही, पण पत्र्याचे छप्पर आहे. पावसाच्या सरीत त्याखाली शिकविणाऱ्या शिक्षकाची दशा मी भोगलेली आहे. अशा वेळी ओरडून शिकवू नये. आवाज वाढविला की मुलांचाही वाढतो, आणि सर ओसरल्यावरही वर्ग तापलेलाच राहतो. फळ्यावर लिहावे, चित्र काढू द्यावे. शाळेच्या मोठ्या ध्वनिक्षेपकाबद्दलही थोडे बोलतो. साठ मुलांच्या परिपाठाला तो कशास हवा? राज्यगीत मुलांच्या कंठातून यावे, कर्ण्यातून नव्हे.

मिरवणुकीतील डीजेविषयी बोलणे अप्रिय आहे, तरी बोलतो. डेसिबलचे माप असे आहे की, दहाने वाढ झाली म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते. कारखान्यातील कामगारांसाठी सामान्यतः ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा मानतात. त्याच हिशेबाने १०० डेसिबलला ती पाव तासावर येते. भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे आपली मुले तास दोन तास नाचतात. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरविता येते. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. गावाशी भांडावे असे माझे म्हणणे नाही. पण मुलांना कर्ण्यापासून दूर उभे करा, एवढे तरी पालकांना सांगता येते.

आता उशिरा शिकलेली ती गोष्ट. मी दोनशिक्षकी शाळेत सहशिक्षक होतो. तिसरीत एक मुलगा होता, टोळीबरोबर आलेला. वर्ग शांत केला की सारी मुले गप्प होत, आणि हा पाटीच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरीत राही. पाटी हनुवटीला टेकवून वाजवी. समूहगीतात नेहमी अर्धी मात्रा मागे. मी त्यास उद्धट ठरविले आणि एके दिवशी पट्टीने त्याच्या बोटांवर मारले. आज कायद्याने हे निषिद्ध आहे. तेव्हाही ते योग्य नव्हते. तो रडला नाही. त्याने हात कानावर नेला, तेव्हा मला कानातील ओला कापूस दिसला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले की, दोन्ही कानांचे पडदे फाटलेले असून कान कित्येक महिने वाहत असावेत. मी वर्गास गप्प बसण्याची आज्ञा करीत होतो, ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. गाण्यात तो इतरांच्या ओठांकडे पाहून सूर उचलीत असे, म्हणून मागे पडे. आणि ठेका? बाहेरून येणारा आवाज पडद्यात अडला तरी हाडांवाटे आलेला आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचतो. हनुवटीला टेकविलेल्या पाटीचा नाद त्यास ऐकू येत होता. त्याच्यापुरते शाळेतले तेवढेच संगीत स्पष्ट होते, आणि मी ते मारून थांबविले. औषध सुरू झाले. पण महिन्याभरात हंगाम संपला, टोळी निघून गेली, आणि तो पुढे कोठे शिकला हे मला कळले नाही.

समाजआरती मी त्यापूर्वीही पाहिली होती. सर्व शांत असता ज्याचे टाळ वाजत राहतात त्याच्यापाशी चोपदार का जातात, हे मात्र मला त्यानंतर उमजले.

म्हणून एक साधी तपासणी सांगतो. हिला यंत्र लागत नाही, आणि ती डॉक्टरांच्या तपासणीची जागाही घेत नाही. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्याला एका कानावर बोट दाबून ते हळूच फिरवीत ठेवावयास सांगावे, आणि दुसऱ्या बाजूने तीन अंक व अक्षरे कुजबुजत्या आवाजात उच्चारावीत: चार, क, दोन. मुलाने ती परत सांगावीत. चुकल्यास निराळी अक्षरे घेऊन पुन्हा पाहावे. मग दुसरा कान. जे मूल पुन्हा चुकेल, ज्याच्या कानातून पाणी वा पू येतो, जे सतत ‘काय?’ म्हणते किंवा गाण्यात मागे पडते, त्याचे नाव वेगळे लिहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्याच्यापुढे ही यादी ठेवावी. कान वाहत असेल तर पथकाची वाट न पाहता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि पालकांना कानात तेल घालू नका असे बजावावे. अशा मुलास पुढे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नये.

याद्या केंद्रप्रमुखांकडे द्याव्यात. गावातील मुले पुढेही हाताशी राहतील. टोळ्यांच्या मुलांची तपासणी मात्र आधी करावी, कारण कारखान्याची धुराडी बंद झाली की दोन दिवसांत ती गेलेली असतात.