आडव्या रेघेखालचा अर्थ

संगणकाला दिलेल्या आज्ञेचा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न वरकरणी कितीही निरुपद्रवी भासला, तरी एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन निराळी उत्तरे देऊ लागली म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानात येते. एडिंबरोचे संगणकशास्त्रज्ञ गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९८१ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठात जी व्याख्यान-टिपणे सिद्ध केली, त्यांत या अर्थनिर्णयाची एक सुटसुटीत रीत आहे: आडवी रेघ ओढावी, रेघेवर गृहीतके लिहावी, रेघेखाली निष्कर्ष. उदाहरणार्थ, ‘दोन अधिक तीन’ कंसात मांडून त्यास चाराने गुणावयाचे असेल, तर कंसातील बेरीज एका पायरीने पाच होते, म्हणून सबंध राशीही त्याच पायरीने ‘पाच गुणिले चार’ होते, आणि पुढच्या पायरीस वीस. इतके बाळबोध वाटणारे हे नियम सरकारी कायद्यातील कलमांप्रमाणे भाषेच्या प्रत्येक रचनेसाठी लिहावे लागतात, आणि एखादे कलम राहून गेले, की गणन मध्येच अडून बसते. गंमत अशी, की ही टिपणे नियतकालिकात रीतसर छापली गेली ती २००४ साली. तोवर जवळजवळ दोन तपे ती ऑर्हूसच्या संगणकशास्त्र विभागाच्या साध्या अहवालाच्या रूपातच अभ्यासकांच्या हातोहाती फिरत होती.