गांधार कोण ठरवणार?



मोरया गोसावींच्या चिंचवडात संगीतशिक्षकांचं हे संमेलन भरलं आहे. अध्यक्षाने संगीतशिक्षणाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. १९०१ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथून निघायचं आणि आजच्या ऑनलाइन क्लासपर्यंत यायचं. ती वाट तुम्हां सगळ्यांच्या पायाखालची आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. आपण मुलांना सूर ऐकायला शिकवणं सोडून दिलंय.

कालच्या परिसंवादात दोन तट पडले. मोशी-चिखलीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मिरजेचा तानपुरा ठेवायचा कुठे, मोबाइलवरचा तानपुरा हे वरदानच, असं एक बाजू म्हणाली. यंत्राने गाणं मारलं, असं दुसरी. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हापासून ही हुज्जत मी ऐकते आहे. ती पेटी मीही वर्षानुवर्षं वापरली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. षड्ज कशातूनही वाजू दे. त्या षड्जात आपला सूर मिसळला की नाही, हे कोण ठरवतं?

निगडीच्या माझ्या वर्गात एक मुलगी भूप गात होती. गळा चांगला, मेहनती पोर. गांधारावर थांबली आणि तो गांधार तानपुऱ्यात असा विरघळला की माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती समोरच्या फोनकडे बघत होती. ट्यूनरचा काटा डावीकडे, लाल. तिने सूर हळूहळू चढवला, काटा मधे आला, हिरवा झाला, आणि गांधार बिघडला. मी थांबवलं तर म्हणते, "ताई, आधीचा उतरला होता ना?"

हे का झालं ते तुम्हां सर्वांना ठाऊक असायला हवं. त्या ट्यूनरने सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येक शंभर सेंटचा. त्याचा शुद्ध गांधार चारशेवर. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार मात्र सुमारे ३८६ वर असतो. म्हणजे चौदा सेंटचा फरक. मुलगी बरोबर होती, यंत्राचं माप दुसऱ्या संगीताचं होतं. आणि तिने स्वतःच्या कानाला खोटं ठरवलं. चूक सुधारता येते. कानावरचा विश्वास एकदा गेला की तो परत आणायला फार कष्ट पडतात.

मी फोन बंद करायला लावला आणि तानपुरा तिच्या मांडीवर दिला. तारा मुद्दाम उतरवल्या. आधी जोड मिळव म्हटलं. खुंटी थोडी पिळली की दोन तारांमध्ये लाटा येतात, भरभर. जवळ आणलं की त्या संथ होतात, आणि एका क्षणी थांबतात. मग मणी जरासा सरकवायचा. मग खर्ज, मग पंचम, मग जव्हारीचा दोरा. तासभर ती रडकुंडीला आली. आणि मग खर्जातून गांधार ऐकू आला. "ताई, हा कोण गातंय?" असं तिने विचारलं. त्या तासात ती जे शिकली ते वर्षभर पलटे घोटून मी शिकवू शकले नसते.

गांधाराच्या मापाची ही लढाई नवी नाही. डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेल्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांच्या प्रयोगांना आपला गळा दिला. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यासह देवलांनी श्रुतींची पेटीही बनवून घेतली. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती काही दशकं टिकली. बंदी मला कधीच पटली नाही. पण त्या भांडणातल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना गांधार हलला की कळत होतं. आज भांडायलासुद्धा कान उरले नाहीत, म्हणून सगळीकडे शांतता आहे.

कारखान्याच्या गावात कान कुठून आणायचे, असं काल कुणीतरी म्हणालं. या वाक्याचा मला राग आला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग बाकीचे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्रभरातून माणसं आली. येताना टाळ घेऊन आली. भोसरीच्या एका लहान वर्कशॉपात लेथ चालवणारा माझा विद्यार्थी पहिली पाळी संपवून यायचा. टूलची धार गेली की त्याला माप घेण्याआधी आवाजावरून कळे. त्याला तानपुरा मिळवायला मी शिकवलंच नाही. दोनदा पाहिलं आणि त्याने लावला. आज चाकणच्या कारखान्यांत बेअरिंगचं कंपन सेन्सर मोजतात आणि ते योग्यच आहे, तिथे बिघाड वेळेत पकडायचा असतो. गाणाऱ्याला मात्र सूर लावायचा असतो, आणि तो स्वतः ऐकल्याशिवाय लागत नाही.

आणि चाकण म्हणजे तरी कोणाचं? तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले संताजी जगनाडे महाराज तिथलेच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा जरा दिंडीजवळ उभे राहा. दोन ओळींत टाळकरी, मधे मृदंग, मागे विणेकरी. काटा नाही, पडदा नाही, समोर बोट हलवणारा कोणी नाही. लय वाढते ती सगळ्यांची एकदम वाढते, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याचा टाळ ऐकत असतो. ऑनलाइन तासात गुरू-शिष्याला एकत्र एक आलापसुद्धा घेता येत नाही, आवाज मागेपुढे पोचतो. आता तर सांगितल्याबरोबर यंत्र आख्खं गाणं तयार करून देतं. देऊ दे. ते ऐकून 'इथे गांधार चढलाय' म्हणणारं पोर आपल्या वर्गातून बाहेर पडतंय का?

करायचं काय, असं विचाराल. शिक्षकांसाठी तानपुरा मिळवण्याची शिबिरं घ्यावीत, मिरजेच्या कारागिरांना बोलवावं, पालिकेच्या शाळांत निदान काही तानपुरे असावेत. तपशील कार्यकारिणी ठरवील, मीही त्यात बसेन. पण एका गोष्टीला समिती लागत नाही. आपल्या वर्गात स्वर शिकवताना मुलांच्या समोरचा ट्यूनर उद्यापासून बंद करा. पालक तक्रार करतील, परीक्षा जवळ आली म्हणतील. त्यांना माझ्याकडे पाठवा.

दुपारच्या सत्रात व्यासपीठावर चार तानपुरे ठेवायला मी सांगितलं आहे. तारा उतरवलेल्या असतील. विद्यार्थ्यांनी खाली बसावं, ते शिक्षकांसाठी आहेत.